भावोजींच्या पोटावरची खडूची रेघ

आमच्या भावोजींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कमरेबद्दल खोटं बोलून स्वतःचं पोट भरलं. भावोजी शिंपी आहेत. पँटी शिवतात, कोट शिवतात, आणि कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचे पांढरे कोटही तेच शिवतात. मी त्यांची मेव्हणी, म्हणजे त्यांच्या बायकोची, माझ्या ताईची, धाकटी बहीण; ताईही दुकानातच शिवते. दुकानात काजं-बटणं, हातशिलाई आणि भांडणं ही तीन खाती माझ्याकडे आहेत. तिसरं मला कुणी दिलेलं नाही, मी आपणहून घेतलं.

दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या कमरेचा आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही. भावोजी टेप गुंडाळायचे, आकड्यावर नजर टाकायचे आणि मला फक्त एक शब्द सांगायचे. 'छान' म्हणजे गेल्या वेळेइतकीच आहे. 'उत्तम' म्हणजे वाढलीय, कापड जास्त धर. आणि 'प्रसन्न' म्हणजे काही विचारूच नकोस. एक बँकेचे साहेब दर वेळी 'प्रसन्न' ऐकून इतके खूश व्हायचे की जाताना आणखी एक पँट टाकून जायचे. शिवाय भावोजी प्रत्येक पँटीच्या मागच्या शिवणीत भरपूर मार्जिन सोडायचे. पुढे गिऱ्हाईक सुटलं की शिवण उसवायची, सैल करायची आणि वर म्हणायचं, "कापड धुवून आटलं, साहेब." माणूस जाड झाला की त्याला घरचे सांगतात, आरसा सांगतो, डॉक्टर सांगतो, शिंप्याने तरी तोंड बंद ठेवावं, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. एवढ्या गोड बोलण्यावर दुकान छान चाललं.

मूळचे भावोजी शिडशिडीत. कापायच्या टेबलाखालून इकडून तिकडे सहज सरकायचे. मग त्यांना पोट आलं. आधी थोडं, मग बऱ्यापैकी, मग असं की ते दुकानात शिरले की पोट आत यायचं आणि मागून भावोजी यायचे. मी त्यांना 'शेठ' म्हणायला लागले. त्यांना ते आवडलंही. "गॅस आहे गं," ते म्हणायचे. समोरच्या औषधाच्या दुकानदाराने एक पाचक चूर्ण दिलं, मग दुसरं, मग फसफसणारी पुडी. ती पुडी घेतली की भावोजी जोरात ढेकर द्यायचे, दुकानदार रस्त्यापलीकडून हात वर करायचा आणि दोघांनाही वाटायचं की उपचार लागू पडला. पोट मात्र जागच्या जागी.

आता तुमच्या-आमच्यासारख्या माणसाचं पोट सुटलं की आधी पँटीचं बटण अडतं. मग माणूस चिडतो, बायकोवर ओरडतो, एखाद्या रात्री जेवण सोडतो आणि नाइलाजाने कुणाला तरी दाखवतो. भावोजींचं बटण कधी अडलंच नाही. अडायच्या आधीच ते दुपारी आम्ही जेवायला बसलो की शिवण उसवून सैल करायचे. मार्जिन संपलं तेव्हा त्यांनी मागे त्याच कापडाचा जोड घातला, तोही असा बेमालूम की मला दिसला नाही, आणि माझी नजर काय आहे ते आमच्या गल्लीला विचारा. मग बाजूंना इलॅस्टिक आलं. शेवटी नाडी आली. "उन्हाळ्यात बरी पडते," म्हणाले. उन्हाळा अजून लांब होता. ज्या माणसाने गावाच्या कमरा झाकल्या, त्याने स्वतःची इतकी सफाईने झाकली की स्वतःलाच सापडली नाही.

बाकीची लक्षणंही होती, पण प्रत्येकाला आमच्याकडे उत्तर तयार होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. आम्ही म्हणालो, वय झालं. संध्याकाळी मोजे काढले की पायावर खोल वळ दिसायचे. भावोजी म्हणाले, मोज्यांचं इलॅस्टिक हलक्या प्रतीचं आहे. आडवं झालं की धाप लागायची म्हणून ते उशांचा ढीग लावून बसल्या-बसल्या झोपायला लागले. ताईने नव्या उशा भरल्या. इस्त्रीवाला तर सगळ्यांना खासगीत सांगत सुटला होता की मास्तर चोरून पितात. भावोजींनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तिच्या नुसत्या वासाने त्यांना शिंका येतात. पण पोट वर आणि हात बारीक असलेला माणूस दिसला की लोकांचा निकाल लागलेला असतो.

मग एके दिवशी डॉक्टरीणबाई आपला पांढरा कोट न्यायला आल्या. आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना लांबी जरा कमी करून हवी होती. भावोजी खडू घेऊन खाली बसायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. धड वर नाही, धड खाली नाही. मी आणि ताईने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना खुर्चीत टाकलं. भावोजी धापा टाकत हसत होते. "काही नाही, बाई. जरा गॅस आहे."

बाई हसल्या नाहीत. त्या त्यांच्या पायांकडे बघत होत्या. वाकून त्यांनी घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि काढला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

"मास्तर, सकाळी उठल्यावर पोट उतरलेलं असतं का?"

भावोजींनी ताईकडे पाहिलं. आपल्या पोटाची चौकशी त्यांना बायकोकडे करावी लागली.

"नाही," ताई म्हणाली. "आताशा उतरतच नाही. सकाळी तेवढंच, रात्री तेवढंच. वाढतं तेवढं."

"गॅसचं पोट चढतं-उतरतं," बाई म्हणाल्या. "जेवल्यावर फुगतं, ढेकर आला, वारा सरला की हलकं होतं. बहुतेकांचं सकाळी बरंच खाली गेलेलं असतं. असं दिवसेंदिवस एकाच दिशेने वाढत नाही. टेबलावर झोपा."

"कापायच्या टेबलावर?" भावोजी घाबरले. त्यावर एका हॉटेलच्या वेटरांच्या कोटांचं कापड पसरलेलं होतं. मी ते उचललं, ताईने पडदा ओढला, आणि ज्या टेबलावर त्यांनी हजारो पँटी कापल्या तिथे आमचे शेठ उताणे झाले. उताणे झाल्यावर पोट वर राहायचं सोडून दोन्ही कुशींना पसरलं. बेंबी बाहेर आली होती. मी ती पहिल्यांदाच पाहिली आणि पुन्हा पाहायची हौस नाही.

बाईंनी एक बोट पोटावर ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक केली. मध्यभागी आवाज पोकळ आला. तसंच टकटक करत त्या कुशीकडे सरकल्या. एका ठिकाणी आवाज एकदम बसला, बद्द झाला. "खडू द्या," म्हणाल्या. भावोजींच्याच खडूने त्यांनी तिथे रेघ मारली. मग त्यांना कुशीवर वळवलं, जरा थांबल्या आणि पुन्हा टकटक केली. मघाशी जिथे बद्द वाजत होतं तिथे आता पोकळ वाजत होतं. बद्द आवाज खालच्या बाजूला गेला होता. त्यांनी नवी रेघ मारली. पहिल्या रेघेपासून ती चांगली लांब होती.

"चरबी अशी जागा सोडत नाही," बाई म्हणाल्या. "माणूस वळला की खाली वाहून जातं ते पाणी. पोटात पाणी साठलंय, मास्तर."

"मी तर पाणी कमीच पितो," भावोजी म्हणाले.

"प्यायलेलं नाही हे. लिव्हर बिघडलं की असं साठतं. कधी हृदयाने, कधी किडनीने, कधी आणखी कशाने. सोनोग्राफी केली आणि सुईने थोडं पाणी काढून तपासलं की कळेल. पोटात दुखतं? ताप येतो?"

"छे," भावोजी म्हणाले.

"काल रात्री अंग तापलं होतं," ताई म्हणाली. "आणि सकाळपासून पोटाला हात लावू देत नाहीत."

बाईंचा चेहरा बदलला. "मग आजच या. आत्ताच. साठलेल्या पाण्यात जंतू शिरले तर माणूस बघता बघता हातचा जातो. मी पुढे जाऊन सांगून ठेवते."

त्या गेल्या. आणि आमचे भावोजी टेबलावरून उतरले, पोटावरच्या रेघा सदऱ्याने पुसल्या आणि मशीनवर जाऊन बसले! म्हणे, वेटरांचे कोट उद्या द्यायचेत, ते झाले की जातो. शब्द दिलाय. मी माझ्या खात्याप्रमाणे भांडले. शेठ, तुम्ही मेलात तर तुमच्या शब्दाचं लोणचं घालायचं का, असंही म्हणाले. त्यांनी मान खाली घालून पायपट्टीवर पाय ठेवला.

ताई माझी गरीब. निदान त्या दुपारपर्यंत आम्ही तसं समजत होतो. ती भावोजींच्या मशीनजवळ गेली, खाली हात घातला, खालच्या दोऱ्याची बॉबिनची डबी काढून पर्समध्ये टाकली. मग माझ्या मशीनची काढली. मग तिसऱ्याची. वर गल्ल्यातल्या जादाच्या डब्याही घेतल्या. भावोजींनी पायपट्टी दाबली तशी सुई कापडात खालीवर नाचली. एक टाका पडेल तर शपथ.

"अगं, हे काय?"

"पर्स हॉस्पिटलात चाललीय," ताई म्हणाली. "शिवायचं असेल तर मागून या."

गेले. मुकाट्याने गेले. वेटरांनी आठवडाभर जुने कोट घातले आणि कुणीही उपाशी राहिलं नाही.

हॉस्पिटलात पाणी काढलं. पातळ चहासारखं पिवळट, आणि जरा गढूळ. गढूळपणा वाईट होता. जंतू शिरले होते. "कोट संपवून आले असते तर मला त्यांच्याशी बोलता आलं नसतं," बाई म्हणाल्या. त्या हे ताईला म्हणाल्या आणि ताई बाकावर बसली. मग सलाइन, इंजेक्शनं, तपासण्या. लिव्हर आकसून कडक झालं होतं. कधीतरी जुन्या काळी हेपॅटायटिस बी अंगात शिरला, पत्ता न लागू देता बसून राहिला, आणि वर्षानुवर्षं लिव्हर पोखरत गेला. दारू नाही. ही बातमी मी स्वतः इस्त्रीवाल्याला नेऊन दिली, चार गिऱ्हाइकांसमोर, खणखणीत आवाजात. बिघडलेलं लिव्हर पुरतं नीट होणार नाही, पण औषधं घेतली, मीठ बंद ठेवलं, तपासण्या चुकवल्या नाहीत तर गाडी चालेल, असं बाईंनी सांगितलं. आम्हा दोघींचं रक्तही तपासलं आणि लस दिली. मी सुईला घाबरत नाही, सुईवरच जगते, तरी ओरडले.

लघवीच्या गोळ्यांनी पोट हळूहळू उतरत गेलं. भावोजी घरी आले, बिनमिठाचं जेवण शिव्या घालत जेवले, आणि काही आठवड्यांनी दुकानात उतरले. गिऱ्हाइकं भेटायला आली. "वा, मास्तर! पोट गेलं की!" "एकदम तरुण दिसता!" औषधाच्या दुकानदाराने रस्त्यापलीकडून हात वर केला. भावोजी फुलून आले. म्हणाले, आता सगळ्या पँटी आत घेतो, आणि सदरा काढून गंजिफ्रॉकवर आरशासमोर उभे राहिले. मी टेप घेऊन पुढे झाले आणि तिथेच थांबले.

पोट गेलं होतं, हे खरं. पण पोट गेल्यावर बाकीचं अंग काही भरून आलं नव्हतं. गळ्याची हाडं वर आली होती. खांद्यांवर मांस नव्हतं, दंड मनगटाएवढे झाले होते. हे काही हॉस्पिटलात झालेलं नव्हतं. महिनोन्‌महिने माणूस आतून आटत होता आणि वर पाणी भरत होतं, आणि टेप गळ्यात घालून हिंडणारे आम्ही तिघं त्याला जाड म्हणत होतो. मला भीती वाटली. आजाराच्या साऱ्या दिवसांत वाटली नव्हती तेवढी तेव्हा वाटली.

ताई त्यांच्या मागे उभी होती. गिऱ्हाइकांचं भान न ठेवता तिने त्यांच्या दंडाला हात घातला. तिची बोटं पलीकडून एकमेकांना टेकली.

"अगं, असं काय बघतेस?" भावोजी म्हणाले. "वाचलो ना? आहे ना समोर उभा?"

"आहात," ताई म्हणाली. "पण थोडेच आहात."

 भावोजींनी खुंटीवरचा सदरा काढला, अंगात घातला आणि बटणं लावत बसले.