सोफ्याच्या डाव्या टोकाचा खड्डा

सोफ्याला नवी खोळ घालायला सोफावाल्या मामांना बोलावलं, की आत्म्यावरचं प्रवचनही पदरात पडायचं. नको म्हणून चालत नसे, ते मजुरीतच धरलेलं असायचं. जुनं कापड टराटरा फाडत मामा विचारायचे, खोळ फाटली म्हणून सोफा मेला का? घरमालक बिचारा नाही म्हणायचा. फोम काढला की पुन्हा तेच, स्प्रिंगा काढल्या की पुन्हा तेच. शेवटी नुसता लाकडी सांगाडा उरला की मामा बोट वर करायचे. हाही एक दिवस मोडणार, पण बसणारा उरतो, बसणारा कुठं जात नाही. तोवर घरमालकाचे जमिनीवर बसून पाय आखडलेले असत आणि सोफा कधी मिळणार एवढीच एक जिज्ञासा त्याला उरलेली असे.

मामींनी तर कधीच हात टेकले होते. आत्म्याचं काय ते माहीत नाही, पण यांची बडबड नक्की अमर आहे, असं त्या शेजारणींना सांगायच्या.

मामांची मोठी बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची. तिला सगळे ताई म्हणत. तिचे यजमान, म्हणजे मामांचे भाऊजी, गेल्या वर्षी गेले. भाऊजी अंगानं भरलेले, हे आपलं सभ्य भाषेत. कामावरून आले की सोफ्याच्या डाव्या टोकाला जे बसायचे ते जेवायलाच उठायचे, आणि निवृत्त झाल्यावर जेवणही तिथंच यायला लागलं. त्या टोकाला असा खड्डा पडला होता, की पाहुण्यांच्या किल्ल्या आणि चष्मे घरंगळत तिकडेच जमा व्हायचे. भाऊजी गेले तेव्हा ताई फारशी रडली नाही. रोज सकाळी चहा घेऊन यायची आणि खड्ड्याकडे बघून दूधवाल्याची, गुडघ्याची, वरच्या मजल्यावरच्या नळाची तक्रार करायची. याचा मामांना पत्ता नव्हता.

ताई लेकीकडे राहायला गेली आणि इकडे मामांना बहिणीची माया दाटून आली. येईल तेव्हा थक्क होईल, म्हणून त्यांनी सोफा उसवला. नवा फोम, नव्या स्प्रिंगा, छान निळं कापड. डावं टोक इतकं सपाट केलं की त्यावर गोटी ठेवली तर हलू नये. त्यांनी ठेवूनही पाहिली.

ताई परत आली ती दारातच थबकली. मग पुढं होऊन तिनं डाव्या टोकावरून हात फिरवला. हात कुठंच खाली गेला नाही. "गेले हे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन वर्षभराचं राहिलेलं रडली.

मामा तिच्यामागोमाग गेले. दारात उभं राहून त्यांनी जवळ होतं तेच औषध काढलं. देह म्हणजे खोळ, आत्म्याला मरण नाही वगैरे.

"आत्म्याचं मला नको सांगूस," ताई म्हणाली. "आत्मा काही माझ्या सोफ्यावर बसत नव्हता."

त्या दिवसापासून ताई सोफ्यावर बसेना, स्टुलावर बसून राही. चहा गार व्हायचा. लेकीनं फोनवर म्हटलं की आई, घर बंद कर आणि कायमची इकडे ये, तर ताई चक्क हो म्हणाली. बहिणीला आपणच घराबाहेर काढतोय, हे मामांना खायला उठलं.

पण मामा म्हणजे मामा. त्यांनी तत्त्वज्ञानातूनच तोडगा काढला. देह जर नुसती खोळ आहे, तर त्याच मापाची दुसरी खोळ का चालू नये? गल्लीतला बेकरीवाला भाऊजींच्याच मापाचा होता. रोज दुपारी येऊन डाव्या टोकाला बसायचं, एवढंच काम त्याला दिलं. माणूस इमानी, बसला आणि घोरायला लागला. मामा त्याला हलवून सांगत, जरा डावीकडे कलून घोर, भाऊजी तसेच कलायचे. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, की भाऊजी पायही हलवायचे, तेही कर. बेकरीवाला पाय हलवायला लागला तर त्याची झोप मोडली आणि झोपला तर पाय थांबला. घामानं तो बेजार झाला.

आठवड्यानं खड्डा पडला, पण डावीकडे कललेला नाही, त्या बैठकीच्या बरोबर मधोमध.

"हा बेकरीवाल्याचा खड्डा आहे," ताईनं एका नजरेत सांगितलं आणि ती कपाट रिकामं करायला निघून गेली. बेकरीवाल्यालाच वाईट वाटलं.

मामा घरी येऊन मान खाली घालून बसले. मामींनी ताट वाढता वाढता सांगितलं, की ताईंचा जुना फोम दुकानाच्या माळ्यावर आहे, मांजर झोपतं त्याच्यावर. मामांना ते ठाऊक होतं. पण स्वतःचं नवंकोरं काम उसवून जुनं कोंबायचं म्हणजे धंद्यात नाक कापून घेणंच. त्या दिवशी त्यांनी ते कापून घेतलं. मांजराला उठवून फोम आणला आणि ताईसमोर निळं कापड उसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच सोफा प्रवचनाशिवाय उघडला गेला.

फोम जागेवर बसवला. मोठा खड्डा होता तसाच होता, डावीकडे कललेला. ताईनं त्यावर हात ठेवला. मग हात जरा उजवीकडे सरकला आणि थांबला. तिथं आणखी एक खड्डा होता, लहानसा, मोठ्याला अगदी खेटून.

"हा कुणाचा?"

"तुझा," मामा म्हणाले.

घरकामातून मला बसायला फुरसत कुठली, असं ताई जन्मभर सांगत आली होती. ती हळूच त्या लहान खड्ड्यात टेकली. अगदी नेमकी मावली. थोड्या वेळानं मामांना वाटलं, आता जमलं सगळं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जीव भांड्यात पडला आणि ते तिच्या डावीकडे बूड टेकायला वाकले.

"अरे, तिथं नको," ताई म्हणाली. "बसणारा कुठं जात नाही म्हणतोस ना? मग त्याची जागा सोडून बस."

मामा मुकाट्यानं स्टुलावर जाऊन बसले. ताई डावीकडे वळून नळाची तक्रार करू लागली.