वकीलमावशीचा कबुलीजबाब

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. जुडी तशीच हातात घेऊन घरात आले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. पण खरं सांगू, तिची आठवण आली की मला आधी हसू येतं. तेराव्यालाही आलं. तिच्या नणंदेनं डोळे वटारले.

नलिनी माझी शाळेपासूनची मैत्रीण, पेशानं वकील. आवाज असा की ती कोर्टात बोलली तर बाहेर टपरीवर चहा पिणाऱ्यालाही खटला कळावा. चिडकी, खादाड, आणि कुणी दुबळ्याला छळलं की तिला आवरणं मुश्कील.

माझी लेक ईश्वरी हैदराबादला आर्किटेक्चर शिकायला गेली. घराच्या भिंतींवर चित्रं काढून मार खाल्लेली पोर, तिचं ते लहानपणापासूनचं स्वप्न. दिवाळीआधी तिचा फोन आला, "आई, मला घरी यायचंय. कायमचं." होस्टेलमधल्या तीन सिनियर मुली तिला रोज खुर्चीवर उभं करायच्या, तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या आणि हसायच्या... तिनं मेसमध्ये जाणंच सोडलं होतं. मी रडतरडत नलूकडं गेले. ती म्हणाली, "रडतीस काय? कायदा आहे की."

दुसऱ्याच दिवशी आम्ही गाडीत बसलो. बाई वाटभर महाराष्ट्राच्या रॅगिंगविरोधी कायद्याची कलमं घोकत होती. वॉर्डनच्या टेबलावर तिनं तोच कायदा आपटला. वॉर्डनबाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ये तो महाराष्ट्र का कानून है. यहाँ नहीं चलता." आम्हा मराठवाड्याच्या माणसांची ही खोडच. निजामाचं राज्य जाऊन जमाना झाला, तरी हैदराबाद म्हणजे आपलंच घर असं धरून चालायचं. वकिलीणबाईसुद्धा राज्याची हद्द विसरल्या. मला वाटलं, झालं, आता पोरीची बॅग उचलायची. पण नलूनं खुर्ची ओढली. "हौ, तो तुमारा निकालो ना अम्मा. मैं भी पढ लेतूं."

त्यांचा कायदा निघाला. वाचता वाचता नलू खुलत गेली. आपल्याकडं सगळ्या छळाला मिळून एकच शिक्षा. तिकडं चिडवण्याला वेगळी, मारण्याला वेगळी, कोंडून ठेवण्याला आणखी वेगळी. "बघ, कसं निवडून-पाखडून ठेवलंय," असं ती कौतुकानं म्हणाली. तिथंच बसून तिनं तक्रार लिहिली, पण सही ईश्वरीला करायला लावली. "तुझं तोंड मी होणार नाय, बाळा." चौकशी झाली. म्होरकीला होस्टेल सोडावं लागलं, बाकी दोघींनी माफी मागितली. ईश्वरी तिथं राहिली खरी, पण गप्प झाली. सुटीत घरी आली तरी हो-नाहीपलीकडं शब्द नाही. मला तीच धास्ती. अशी मुकी राहिली तर जिंकून काय उपयोग...

पुढच्या हिवाळ्यात नलूनं गंगापूरच्या शेतावर हुरड्याला बोलावलं, ईश्वरीला विचारून माफी मागितलेल्या त्या दोघींनाही. हुरड्याची रीत अशी, की आगटीपाशी बसून कणसं भाजायची आणि तळहातावर चोळायची ती घरच्या माणसानं. पाहुण्यानं नुसतं खायचं. नलूनं त्या दोघींनाच आगटीपुढं बसवलं. "चोळो. और पहली मुठ्ठी ईश्वरी को." पोरींचे तळवे लाल झाले, डोळ्यांत धूर गेला. नलू गूळ खात मजा बघत होती. मीही.

ईश्वरी उठली. "मावशी, बास. त्या पाहुण्या आहेत. हे पण रॅगिंगच झालं."

नलूला असं तोंडावर बोलायची कोर्टातही कुणाची छाती नव्हती. तिनं गुळाचा खडा खाली ठेवला, पदर खोचला आणि आगटीपुढं जाऊन बसली. "गुन्हा कबूल," म्हणाली आणि कणीस उचललं. मग ऊन उतरेपर्यंत तीच भाजत होती, आम्ही खात होतो आणि ईश्वरी बोलत होती... मेसची भाजी, इमारतींचे नकाशे, काय नि काय. नलू माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "आता जिंकलो बघ."

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच शेतावर गेलो. ईश्वरीनं होस्टेलमधल्या नव्या मुली आणल्या होत्या. आगटीपुढची जागा रिकामी, कुणीच बसेना. शेवटी ईश्वरी बसली. लातूरकडची एक बुजरी पोरगी मागं मागं राहत होती. ईश्वरीनं तिला जवळ बोलावून विचारलं, "चटणी देऊ का गूळ?" पोरगी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं सांग," ईश्वरी म्हणाली. "इथं कुणी हसत नाय."