पांडूचे न मोजलेले बांगडे

वाचनालयाचा हा फळा वाचणाऱ्या मंडळींनो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. इथली एकमेव हातांची खुर्ची तालमीत नेली आणि मला वर्तमानपत्र उभ्याने वाचावं लागलं.

त्या तालमीत मुंबईहून एक डॉक्टर आलेत. हुतुतूच्या खेळाडूंच्या अंगात चरबी किती, स्नायू किती आणि ते खातात काय, याचा ते अभ्यास करतात. जिल्ह्याच्या संघात कोण जाणार, हे त्यांच्याच शब्दावर ठरणार. विचारून लिहून घ्यायचं काम माझं.

किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारा आमचा खेळाडू पांडू त्या खुर्चीत बसला. डॉक्टरांच्या चरबी मोजायच्या चिमट्यात त्याच्या दंडाची कातडी जेमतेम आली. मी विचारलं, "खायला बाजारातून काय आणता?"

"तांदूळ, मास्तरानू. त्येची पेज खातंय."

डॉक्टरांनी कागद वाचला. "नुसत्या पेजेवर? याला खेळवणं धोक्याचं." तसं त्यांनी लिहिलंसुद्धा. पांडूचा चेहरा उतरला.

दारातून त्याची आई कडाडली, "मास्तरानू, घरच्या रापणीचे बांगडे कोण बाजारातसून आणता? पेजेबरोबर चार खाता तो!"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मी 'काय खाता' एवढंच विचारायला सांगितलं होतं."

'बाजारातून काय आणता' ही सुधारणा माझी होती. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचा प्रश्न सुधारल्याशिवाय चैन पडत नाही. तुमच्या घरातलं काय काय, विकत आणलेलं नाही म्हणून, कुणी मोजतच नाही?

मी कागद मागून घेतला. पेजेपुढे 'चार बांगडे' लिहिलं, खाली 'चूक लेखनिकाची' असं लिहून सही केली. डॉक्टरांनी 'धोक्याचं' खोडलं.