राक्षसाला एक रविवार

किस्से मी गोळा करत नाही. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत बसलं की ते आपोआप जमतात, चहाच्या कपाखाली वर्तुळं जमतात तसे. पुसायला जावं तर नवं उमटतं!

मी या कार्यकारिणीत तरुणांची प्रतिनिधी आहे. म्हणजे खुर्च्या मांडायच्या, मोबाईलमधले फॉन्ट मोठे करून द्यायचे आणि मत विचारलं तर 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचं. शेवटचं मला जमत नाही. म्हणून मी हट्टाने फिल्म क्लब काढला. आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या माणसाने रविवारी संध्याकाळी जुना, चांगला सिनेमा बघावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा!

* * *

सुरुवात केली एका ब्लॅक अँड व्हाइट राक्षसपटापासून. एक शास्त्रज्ञ दीपगृहाच्या पायाशी उभ्या दगडी पुतळ्यात जीव घालतो, पुतळा गावभर धुमाकूळ घालतो आणि शेवटी दीपगृहावरून समुद्रात कोसळतो.

प्रोजेक्टर सुरू करणार तेवढ्यात पांडूमामा उठले. पांडूमामांनी उभा जन्म दशावतारात राक्षस केले. त्यांचं म्हणणं, नवीन काम आहे, तर आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालूया. गावाची राखण करणाऱ्याला दोन शब्द सांगायचे, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, की झालं. तीन मिनिटांचं काम.

पण आमचे अध्यक्ष हेडसर! निवृत्त मुख्याध्यापक. स्वप्नातसुद्धा प्रमाण मराठीच बोलतात अशी ख्याती. ते उभे राहिले आणि वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलू लागले. तीन मिनिटांची अंधश्रद्धा टाळायला अर्धा तास लागला.

* * *

सिनेमा सुरू झाल्यावर खजिनदार मंगलमावशी दोनदा उठून प्रोजेक्टरकडे जाऊन आल्या. मग हळूच बाहेर गेल्या आणि समोरच्या दुकानातल्या इलेक्ट्रिशियनला घेऊन आल्या.

"बाय, रंग गेलो मगो ह्याचो," त्या मला म्हणाल्या.

मी समजावलं की सिनेमाच तसा आहे. त्या समजुतीने हसल्या. पोर बिचारी चूक झाकतेय, असं ते हसणं होतं. इलेक्ट्रिशियनने वायर काढून परत लावली, हात पुसले आणि सांगितलं, "थोडो गरम झालो की येतलो रंग."

मावशी शेवटपर्यंत वाट बघत होत्या.

* * *

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, आता दुसरा भाग दाखवते. खरी गंमत तिथे आहे. पहिल्या भागात आपल्याला राक्षसाची भीती वाटते, दुसऱ्यात राक्षसासाठी भीती वाटते. तो समुद्रातून वर येतो, खांद्यावर शेवाळ, आणि सगळ्यात आधी काय करतो, तर किनाऱ्यावर उलटी पडलेली होडी सरळ करून ठेवतो. कॅमेरा नुसता त्याच्या हातावर. संवाद नाही, संगीत नाही. पहिल्या भागाच्या यशावर पोळी भाजून घेण्याऐवजी दिग्दर्शकाने स्वतःच्याच राक्षसाकडे नव्याने बघितलं. किती जणांना जमतं हे?

हे सगळं मी कळकळीने सांगितलं. हेडसरांनी चष्मा काढला. "परंतु तो मृत झाला होता ना? मग पुन्हा कसा येईल?"

तेव्हा पांडूमामा बोलले. "सर, मी इब्रामपुराक मेलंय आणि दुसऱ्या दिसा हरमलाक परत मेलंय. खंयच्याच गावान माका मेल्याचो दाखलो विचारूक ना."

सरांनी चष्मा परत घातला. अध्यक्षच ते. निकाल असा दिला, की हा एक रविवार माझा. सिनेमा संपल्यावर ते स्वतः निर्णय जाहीर करतील. नाही आवडला, तर पुढचे सगळे रविवार 'रक्तदाब आणि आपण' या व्याख्यानमालेला. वक्ते कोण, हे विचारायची गरज नव्हती. सरांची गोळी चालू होऊन बरीच वर्षं झालीत.

माझा क्लब जन्मून एकच सिनेमा झाला होता, आणि तो रक्तदाबाने जाणार होता!

* * *

रविवारी हॉल भरला. मंगलमावशींनी 'आयतारा पावभाजी' असं ग्रुपवर टाकलं होतं, त्यामुळे माझ्या पोस्टरला श्रेय देता येत नाही. पोस्टरवरचा 'भयपट' हा शब्द तसाही सरांनी खोडून 'कौटुंबिक व बोधप्रद' केलं होतं.

त्यात सर म्हणाले, ज्यांनी पहिला भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी मी कथासार सांगतो. पहिल्या भागात सर दहाव्या मिनिटाला झोपले होते, हे सगळ्या हॉलला माहीत होतं. झोपेतही बोट हनुवटीवर होतं, एवढंच. तरी त्यांनी सार सांगितलं. शास्त्रज्ञाचं बालपण सांगितलं, त्याच्या आईचा त्याग सांगितला, शिक्षणाचं महत्त्व सांगितलं.

"सर, राक्षस खंय?" पांडूमामांनी विचारलं.

"येईल. योग्य वेळी येईल."

आला नाही. टाळ्या मात्र पडल्या.

* * *

सिनेमा लागला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि पडद्याकडे न बघता सरांकडे बघत होते.

राक्षस पाण्यातून वर आला. पांडूमामांनी व्यावसायिक मत दिलं, "एंट्रीक आरड मारूक व्हयी होती." मग त्याने ती होडी सरळ केली. मामा खुर्चीच्या कडेला सरकून बसले.

गावकरी त्याला दगड मारतात. तो दगडाचाच, त्याला काय लागणार? पण तो हात वर करून तोंड झाकतो. मंगलमावशींच्या हातातला, कापायला घेतलेला पाव तसाच राहिला. रंगाची चौकशी कुणी केली नाही.

शेवटी वादळ. दीपगृहाचा दिवा विझलेला, आणि त्याला दगड मारणारेच सगळे होड्यांतून समुद्रात अडकलेले. राक्षस वर चढतो, दोन्ही हातांत पेटता जाळ धरून उभा राहतो. एकेक होडी किनाऱ्याला लागते. शेवटची लागली, की दीपगृह त्याला घेऊन खाली जातं.

पडदा पांढरा झाला. मी दिवे लावले. पावभाजीकडे कुणी धावलं नाही, हे आमच्या गावात प्रथमच!

सर जागे होते. सावकाश उठले. मी मनातल्या मनात रक्तदाबाचं पोस्टर करायला घेतलं.

सर पडद्यासमोर गेले. चपला काढून बाजूला ठेवल्या. हात जोडले. आणि ज्या माणसाच्या तोंडून आम्ही कधी बोलीतलं साधं 'इलो-गेलो' ऐकलं नव्हतं, त्याने तोंड उघडलं.

"बा राखणदारा म्हाराजा! तुका आमी वळखूक ना, तुजेर फातर मारले. ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

मग मागून पांडूमामांचा राक्षसी आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

"दर्यातल्यान तिसऱ्या भागात वयर येतलो आसशीत, तर सुखान ये. आयतार तुका रिकामो ठेयलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल म्हणाला.