न मरणारी झाडं

सोलापुरात तसबिरींना काचा बसवणाऱ्या एका दुकानातून मी मासे पाळायची काचेची पेटी आणली, तेव्हा आमच्या तालुक्यात दुष्काळ होता. माणसांना पाणी नाही आणि मास्तर मासे पाळतोय, असं गाव म्हणणारच, म्हणालंही. पण मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि हट्टी होतो. पाण्यातलं जग पोरांना नुसतं चित्रात दाखवायचा मला कंटाळा आला होता. शाळेच्या खोल्यांना धड दारं नव्हती, म्हणून पेटी घरीच ठेवली.

दुकानदारानं पेटी बांधता बांधता विचारलं होतं, "पहिल्यांदाच पाळताय ना? मग नाजूक झाडांच्या नादी लागू नका. फितीसारखी लांब पात असते ती लावा, नाहीतर मुळाशिवाय जगणारं ते झुपकेदार पाणगवत. उजेड कमी असला तरी चालतं, खत लागत नाही. नवशिक्याच्या हातूनसुद्धा मरत नाहीत ही झाडं. आणि विकत कशाला घेता? तुमच्या विहिरीतच असतील."

होती. गावच्या विहिरीच्या खालच्या पायरीशी पातही होती, गवतही होतं, आणि हिवतापवाल्यांनी सोडलेले गप्पी मासेही होते. मी वाळू धुऊन पेटीत पसरली, तिच्यात पातीची मुळं खोवली गवत तसंच तरंगत सोडलं आणि थोडे मासेही सोडले. पाणी आईनं तिच्या घागरीतलं दिलं, कमी होईल तसं ओततही राहिली.

आम्ही बौद्ध. या विहिरीच्या पायरीला पाय लावू देत नव्हते, ते दिवस आईनं काढले होते. लग्न होऊन आल्यावर कित्येक वर्षं ती बाहेर उन्हात उभी राहायची आणि कुणी वरून ओतेल तेवढं पाणी घेऊन यायची. आता ती स्वतःच्या हातानं घागर बुडवायची. गावात टँकर आला तरी ती प्यायची ते विहिरीचंच.

आधी पातीला नवे कोंब फुटले आणि मी खुशीत होतो. मग गवताचे झुपके तपकिरी पडून गळायला लागले. ऊन लागत असेल म्हणून पेटी सरकवली, तर पात बुडापासून विरघळली. पाठोपाठ मासे पोट वर करून तरंगले. माझंच काहीतरी चुकलं असं धरून मी ताजी झाडं आणायला विहिरीवर गेलो. तिथंही झाडं नव्हती. शेवाळ नव्हतं, एक गोगलगाय नव्हती. पाणी थेट तळापर्यंत दिसत होतं. "काचंवानी पानी झालंय औंदा," असं कौतुकानं म्हणत बाया घागरी भरत होत्या. माझ्या मनात पाल चुकचुकली.

विहिरीला लागूनच शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीची खोली होती. सोसायटीचा फवारणीचा पंप सभासदांना आळीपाळीनं मिळायचा, आणि वापरून झाला की धुऊनच परत करायचा असा नियम होता. नियम चांगला होता. पूर्वी ओढ्यात धुवायचे. ओढा आटला, तेव्हापासून विहिरीच्या काठावर धुवायला लागले. पानमळ्यांवर मारलेलं मोरचूद, म्हणजे तांब्याचं औषध, आणि आणखी काय काय निळसर पाण्यातून पायऱ्या उतरत होतं. आईला महिनाभर अन्न ठरत नव्हतं. तोंडाला तांब्याची चव येते, असं ती म्हणायची.

"आई, हे पाणी पिऊ नको. मी सोसायटीत जाऊन सांगतो."

"काय सांगशील?"

"विहीर बिघडली म्हणून."

तिचा हात ताटातच राहिला. "कुणामुळं बिघडली म्हंतील, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक होतं. राग आला, पण मी सोसायटीत गेलो नाही.

आई टँकरचं प्यायला लागली, तरी रोज सकाळी सगळ्यांच्या देखत विहिरीतून घागर भरून आणायचीच. न्हाय गेलं तर इचारतील, म्हणायची. ते पाणी सारवायला जायचं, उरलेलं पेटीत. पेटी काठोकाठ भरलेली असायची आणि आत काहीही जिवंत नसायचं. त्या पेटीकडं बघायची मला भीती वाटायला लागली.

एका सकाळी मी आईबरोबर विहिरीवर होतो. एक बाई आपल्या लहान पोरीच्या तोंडाला तांब्या लावत होती. आई पटकन म्हणाली, "नको पाजू तिला, बाई. पंप धुत्यात हितं, औषिद उतरतंय पान्यात. माझ्या घरची झाडं मेली, मासं मेलं."

बाईनं तांब्या खाली घेतला. तिनं आईकडं पाहिलं, मग आईच्या घागरीकडं. मग आपली घागर उचलून वरच्या पायरीवर, आमच्यापासून लांब नेऊन ठेवली.

आईचं बोलणं सोसायटीपर्यंत पोचलं असावं; विहिरीवर पंप धुणं गुपचूप बंद झालं. पण दुसऱ्या दिवसापासून आई पायऱ्या उतरायला लागली की बाया वर येऊन उभ्या राहायच्या, आणि ती घागर भरून निघून जाईपर्यंत खाली उतरायच्या नाहीत. थोड्याच दिवसांत आईनं तिथं जाणं सोडलं.

पुढं विहिरीला नवं पाणी आलं. खालच्या पायरीशी पात पुन्हा उगवली, गवतही आलं. मी घरी येऊन आईला सांगितलं, बघायला चल म्हणालो. ती टँकरचं पाणी गाळत होती. "असू दे," म्हणाली, आणि घागरीवरचं फडकं सारखं करत राहिली.