हळदीचं बोट

योग्याकार्ताच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढूनही वार्तिनाला डीएनए दाखवणाऱ्या त्या मेल्या विषारी रंगाची धास्तीच वाटायची. एरवी तो मलूल पडून असायचा, पण डीएनएच्या शिडीत पायऱ्यांमध्ये शिरकाव मिळाला की नारिंगी पेटायचा. मग त्यात हळदीपासून काढलेलं नवं औषध टाकायचं. औषधानं रंगाला हुसकून जागा बळकावली की यंत्रावरचा उजेड उतरायचा आणि सगळे खूश व्हायचे. वार्तिनाला तर उजेड विझला की हायसंच वाटायचं.

काल त्या रंगाचं काम करताना तिचा हातमोजा फाटला होता. आज तिनं सहज जांभळ्या दिव्याखाली हात धरला, तर तर्जनी चमकली.

"प्रायोगी, बघ रे! रंग शिरला माझ्यात!"

शेजारच्या टेबलावरचा प्रायोगी वाकून बघताच हसत सुटला. "इबू, अहो बाई, हे तर पिवळं चमकतंय! सकाळी काढ्यासाठी हळद वाटलीत ना? तुम्ही स्वतःच औषध झालात की! जा, धुऊन या."

"मेल्या, जीव गेला होता माझा," म्हणत तीही हसली. स्पिरिटनं बोट खसाखसा घासून तिनं ते पुन्हा दिव्याखाली धरलं.

पिवळं गेलं होतं. त्याखाली, नखाच्या कडेला, बारीक नारिंगी रेघ पेटलेली होती.

प्रायोगीचं हसू मावळलं. वार्तिना बोटाकडे बघतच राहिली. दात येतात म्हणून सकाळी नात रडत होती, तेव्हा याच बोटानं तिनं तिच्या हिरड्या चोळल्या होत्या.