लव्हॉनची डावीकडे कोकलणारी गाडी

आमच्या विस्कॉन्सिनमधल्या गावात लव्हॉन टेशनं उभं आयुष्य शाळेची बस चालवली. स्वतःची गाडी मात्र कायम कुणीतरी वापरून टाकलेली. निवृत्त झाल्यावर तिनं पहिल्यांदा कोरी गाडी घेतली, फिकट निळी. महिनाही झाला नसेल, गाडी डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायला लागला. वळण संपेपर्यंत थांबतच नसे.

विकणाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली की ती गप्प. तिथला क्रेग म्हणाला, "बाई, आमच्याकडे ती अगदी शहाण्यासारखी वागते."

"मग काय, मी घरी लाड करते म्हणून बिघडली?"

ती गाडी पुन्हा घेऊन गेली, मग पुन्हा, मग चौथ्यांदा. दर वेळी तेच उत्तर. शेवटी ती फक्त उजवीकडेच वळायला लागली. समोरच्या दुकानातून दूध आणायचं तर चर्चला वळसा घालून जायची. तिचा भाऊ ड्वेन, सव्वासहा फुटी माणूस, फाटकात उभा राहून हसायचा. "अगं, दुधासाठी गावप्रदक्षिणा? चालत जा की!"

"नवी गाडी घेऊन चालत जाऊ?"

मग गावातला म्हातारा नॉर्बर्ट वारला. त्याच्या अंत्ययात्रेत शववाहिकेच्या मागोमाग लव्हॉनची गाडी होती, आणि स्मशानभूमी डाव्या हाताला. रांग सोडून जाणार कुठे? तिनं डोळे मिटून चाक फिरवलं. हॉर्न असा कोकलला की शववाहिकेच्या ड्रायव्हरला वाटलं, मागचे लोक घाई करताहेत. त्यानं गाडी सुसाट सोडली. सगळी रांग त्याच्यामागे धावली.

नंतर नॉर्बर्टची बायको तिचा हात धरून म्हणाली, "जन्मात कधी घाई केली नाही गं त्यानं. आज मात्र तू पळवलंस."

लव्हॉन घरी येऊन आधी रडली आणि मग वकिलाला फोन केला. नवी गाडी अशी निघाली की इथे तिला लिंबू म्हणतात, आणि त्यासाठी कायदाही आहे: एकच बिघाड चार खेपांत दुरुस्त झाला नाही, तर कंपनीनं गाडी परत घ्यायची. आपल्याकडे नव्या गाडीला लिंबू बांधतात, इथे गाडीच लिंबू निघते, असं मी तिला सांगितलं. तिला हसू आलं नाही.

सुनावणीला पंच म्हणून ओस्टबर्गबाई होत्या, बुटक्या आणि करड्या शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "बोलणं पुरे. गाडी दाखवा."

सगळे वाहनतळावर गेले. कंपनीचे वकील हॅलोरन यांनी गाडी डावीकडे वळवली. चिडीचूप. मग लव्हॉन बसली, सीट पुढे ओढली, वळली, आणि गाडीनं टाहो फोडला.

हॅलोरन खूश झाले. "बघा! बिघाड गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे."

"असं?" म्हणत ओस्टबर्गबाई सीट तशीच ठेवून आत बसल्या आणि डावीकडे वळल्या. पुन्हा तोच टाहो. काच खाली करून त्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, आता मीही बिघडले का?"

सीट पुढे घेतलेली असली की डावीकडे वळताना खालची एक तार दाबली जात होती, असं नंतर उघड झालं. क्रेगपासून हॅलोरनपर्यंत सगळे उंच, त्यांनी सीट मागेच ठेवलेली. निकाल लव्हॉनच्या बाजूनं लागला. कंपनीनं सगळे पैसे परत दिले.

ती गाडी मग कागदावर लिंबू असल्याचा शिक्का घेऊन स्वस्तात विकायला निघाली, आणि ड्वेननं ती घेतली! त्याच्या लांब तंगड्यांना सीट मागेच लागते, त्यामुळे गाडी एकदाही वाजली नाही. तो लव्हॉनच्या दारात येऊन भांडायला लागला. "एवढ्या गुणी गाडीची बदनामी केलीस! माफी माग."

"मागते ना," लव्हॉन म्हणाली. "पण तिची, तुझी नाही."

ती सपाता घालून बाहेर आली, गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "चुकलं हं माझं, बाई. सांभाळ त्याला."

मी शेजारच्या माझ्या अंगणातून बघत होतो. ती थट्टा करत नव्हती.